अन्याय झालेल्या माणसाचं डोकं कुठं जातं? मास्टर रिंगची गोष्ट (लांब आहे)

कुपवाड_वर्कशॉप:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. कुपवाड एमआयडीसीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ सुपरवायझर म्हणून. आता घरीच असतो. एक गोष्ट आहे जी कुणाला धड सांगितलेली नाही, बायकोला पण अर्धीच माहितीय.

आमच्याकडं एक पोरगा होता, तासगाव बाजूचा, आयटीआय टर्नर, कंत्राटावर घेतलेला. पंपाच्या बॉडीचं काम चालायचं, बिडाचं कास्टिंग, आत ६२ मिलिमीटरचा बोअर म्हणजे गोल भोक, त्यात ६२०६ बेअरिंग बसतं. एक जॉब बांधून सेंटर काढायला पाऊण तास जायचा. ह्या पोरानं स्क्रॅपमधल्या जुन्या चकचे जॉ, दोन टॉगल क्लॅम्प आणि स्वतः बसून घासलेली एक लोकेटिंग पिन एवढ्यावर फिक्श्चर, म्हणजे जॉब नेमक्या जागी पकडून ठेवणारा साचा, बनवलं आणि पाऊण तासाचं काम १२ मिनिटांवर आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, जेवणाच्या सुट्टीत करायचा. मी ३१ वर्षांत चांगले कारागीर लई बघितले पण असं डोकं दोनदाच बघितलं.

कस्टमरचे लोक ऑडिटला आले तेव्हा मॅनेजरनं ते फिक्श्चर स्वतःचं म्हणून दाखवलं. बोर्डावर मॅनेजरचा फोटो लागला, बक्षीस पण त्यालाच. पोरगा शेजारच्या मशीनवर उभा होता, सगळं ऐकत होता. दोन महिन्यांनी सहा जणांना परमनंट केलं, त्यात हा नव्हता, पण ह्याच्यानंतर लागलेला मॅनेजरच्या पाहुण्यातला एकजण होता.

त्यानंतर पोरगा गप्प झाला. आधी आठवड्याला काहीतरी घेऊन यायचा, साहेब असं केलं तर, साहेब हे टूल उलटं लावलं तर. ते बंद झालं. मला वाटलं रुळला. खरं सांगतो मला बरंच वाटलं, डोक्याचा ताप कमी झाला म्हणून.

मग आठेक महिन्यांनी कस्टमरकडनं लॉटच्या लॉट परत यायला लागले. बेअरिंग ढिलं बसतंय. आमच्याकडं मोजलं की सगळं ओके. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, बोअर मोजायचं डायल गेज आधी एका कडक पोलादी रिंगवर शून्याला लावायचं असतं, तिला मास्टर रिंग म्हणतात, तिचं आतलं माप बरोब्बर ६२.०००. गेजवर शंका सगळ्यांना येते, ऑपरेटरवर येते, मशीनवर येते, पण रिंगवर कुणाला येत नाही कारण बाकी सगळं तर तिच्यावरच तपासायचं. पोरानं तीच रिंग आतनं लॅपिंग पेस्ट लावून घासली होती. नाईट शिफ्टला, थोडी थोडी, २२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टॉलरन्स सगळा ३० मायक्रॉनचा. आम्ही समजायचो माप ६२ च्या वर १५ मायक्रॉन, मधोमध येतंय आणि जॉब निघायचा ३७ वर. रिंग तर आधीपेक्षा चकचकीत दिसत होती.

सापडलं ते वर्षाच्या कॅलिब्रेशनला रिंग लॅबमध्ये गेली तेव्हा. तोपर्यंत तीन लॉट गेलेले, आणि दुसऱ्या लॉटनंतर इन्स्पेक्शनला बसणाऱ्या पोरीला काढून टाकलेलं, निष्काळजीपणा म्हणून. पोरगा तोपर्यंत नोकरी सोडून चाकणला गेला होता.

दीड वर्षानं मला सांगली एसटी स्टँडवर भेटला. पाया पडला. आणि हळूच म्हणाला, साहेब, रिंग सापडली का? त्याच्या तोंडावर अगदी तोच आनंद होता जो फिक्श्चर दाखवताना होता, मी विसरू शकत नाही ते. मी त्याला त्या पोरीचं सांगितलं. त्याला माहितीच नव्हतं. चहा तसाच ठेवून गेला.

तर माझा प्रश्न. हे डोकं एकच होतं का दोन? आणि अन्यायानं माणूस असा होतो का मुळातच तसा असतो? शिकलेल्या लोकांनी सांगावं.

वाळव्याचा_ऊस:
काका लिहीत राहा. अंगावर काटा आला.

मनाचा_तळ:
काका, मी मिरजेत मानसशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नावर खरोखरच काम झालेलं आहे. क्लार्क आणि जेम्स या दोघांनी १९९९ मध्ये नेमकं हेच तपासलं की न्यायानं वागवलं तर लोकांना कशा कल्पना सुचतात आणि अन्यायानं वागवलं तर कशा. निघालं असं की अन्यायानंतर सुचणं थांबत नाही, नुकसान करणाऱ्या कल्पना वाढतात. तुम्ही लिहिलंय ना की तो गप्प झाला आणि तुम्हाला वाटलं रुळला, माझं लक्ष त्याच वाक्यावर अडकलं. कल्पना येतच होत्या, फक्त तुमच्याकडं आणणं बंद झालं.

पुढं २००८ मध्ये डेव्हिड क्रॉपली, जेम्स कॉफमन आणि आर्थर क्रॉपली यांनी गुन्हे आणि दहशतवादाच्या संदर्भात या गोष्टीला एक नावच दिलं, त्याचं मराठी मी वर्गात 'घातकी सर्जनशीलता' असं करते. त्यात एक फरक आहे तो महत्त्वाचा वाटतो. कामावरनं माल लंपास करायची नवी युक्ती काढणारा माणूस स्वतःचा फायदा बघत असतो, कुणाला दुखवावं हा त्याचा हेतू असेलच असं नाही. घातकी म्हणजे ज्यात दुसऱ्याचं नुकसान व्हावं हाच हेतू. रिंग घासून त्या पोराला एक रुपया मिळाला नाही. म्हणजे तो दुसऱ्या प्रकारात येतो.

आणि एकच डोकं का दोन, तर एकच. नवं काहीतरी सुचणं आणि ते उपयोगी पडणं एवढंच सर्जनशीलतेत मोजतात. उपयोगी कुणाला, हा प्रश्न त्यात आपोआप येत नाही, तो वेगळा विचारावा लागतो.

पण मुळातच तसा होता का, याला हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. धोका वाटला, आपली जागा हिरावली जातेय असं वाटलं की इजा करणाऱ्या कल्पना जास्त सुचतात असं मॅथिस बास आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. पण कल्पना सुचणं वेगळं आणि रात्रपाळीला बसून ती करणं वेगळं. प्रयोगशाळेत पहिलीच गोष्ट मोजता येते.

वाळव्याचा_ऊस:
मॅडम हे कारखान्याच्या काट्यालाबी लागू हाय. आमच्याकडं काटा मारला जातोय असा संशय एकदा माणसाच्या डोक्यात बसला की तो काय गप बसत नाही. मग मोळीत वाढं घालायचं, पाचट नीट काढायचं नाही, पाणी पाजून तोडायचा म्हणजे वजन भरतंय. माझ्या चुलत्यानं हे सगळं केलंय आणि तो गावातला सगळ्यात सरळ माणूस, देवळाच्या वर्गणीचा हिशोब त्याच्याकडं. त्याला विचारलं तर म्हणायचा ते आपलं चोरत्यात, आपण आपलंच परत घेतोय. त्याला ती चोरी वाटतच नव्हती. आणि तोडणी करणारी माणसं बीड-जतकडनं येतात, मुकादम त्यांच्या उचलीत घोळ घालतो, मग ती कोयता वरनं मारत्यात, खोडकी सोडून. नुकसान आमचं. प्रत्येकजण वरच्याचं उट्टं खालच्यावर काढतोय. मला तरी असंच दिसतंय.

मनाचा_तळ:
वाळवा, तुमच्या चुलत्यांचं वाक्य अगदी जसंच्या तसं संशोधनात बसतं. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास आहे, अमेरिकेतले एकाच कंपनीचे कारखाने. काम कमी झालं म्हणून दोन ठिकाणी १० आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापला, तिसऱ्या ठिकाणी कापला नाही. एका ठिकाणी मोठ्या साहेबांनी स्वतः दीड तास बसून आकडे दाखवले, का कापतोय ते सांगितलं, वाईट वाटतंय म्हणाले, प्रश्न घेतले. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत जाहीर करून मोकळे. चोरी दोन्हीकडं वाढली, पण जिथं नीट सांगितलं नाही तिथं कितीतरी जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखी खाली आली.

पगार तर दोघांचा सारखाच कापला होता. फरक फक्त माणूस म्हणून समोर बसवून बोलले की नाही एवढाच. मी दरवर्षी हे शिकवते आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी आपल्या वडिलांची गोष्ट सांगतं.

कुंडलवाला:
मला यात एक गोष्ट खटकतेय, मॅडम रागावू नका. 'घातकी' कोण ठरवणार? मी कुंडलचा आहे, आमच्याकडं पत्री सरकारच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पत्री सरकारच्या तुफान सेनेनं पगार घेऊन जाणारी रेल्वे अडवून पैसे काढून घेतले. त्याच साली २४ जुलैला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. इंग्रजांच्या कागदात ह्याला दरोडा म्हणणार, गुन्हा म्हणणार. रेल्वे कुठं थांबवायची, रुळावर काय टाकायचं, पैसे कुणाकडं न्यायचे, सगळं डोकंच होतं आणि ते अन्यायातनंच सुचलेलं होतं. इंग्रजांच्या बाजूनं बघितलं तर नुकसान करण्याचाच हेतू होता. मग नाना पाटील, जी. डी. बापू, कॅप्टन भाऊ यांनापण त्याच खान्यात टाकणार का? दुबळ्याकडं दुसरं काय असतं, डोकं तर असतं. ते चालवलं की लगेच त्याला वाईट नाव द्यायचं हे मालकाच्या बाजूचं शास्त्र वाटतं मला.

मनाचा_तळ:
रागवत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि क्षेत्रातल्या लोकांनाही तो माहीत आहे. एकाच कृतीकडं कोण बघतंय त्यावर नाव बदलतं. मला स्वतःला नुसत्या हेतूवर सगळं ठरवणं पटत नाही. मी विद्यार्थ्यांना विचारायला लावते की घाव कुणावर बसला, आणि करणारा त्याची जबाबदारी घ्यायला उभा होता का.

कुपवाड_वर्कशॉप:
कुंडलवाले, माझे वडील त्या काळात पोरसवदा होते, निरोप पोचवायचे, त्यामुळं तुमचा मुद्दा काळजाला लागला. पण मला फरक दिसतो. पत्री सरकारनं नुसत्या गाड्या लुटल्या नाहीत, गावोगाव न्याय करायला बसले, सावकाराला आणि गुंडाला समोर उभं करून जाब विचारला. ह्यांचं सगळं गावाला माहीत होतं, कुणासाठी करतोय ते सांगून केलं. आमच्या पोरानं कुणालाच काही सांगितलं नाही आणि घाव बसला तो जिनं त्याचं काहीच वाईट केलेलं नव्हतं तिच्यावर. मॅनेजर अजून आहे तिथंच, मोठ्या केबिनमध्ये.

सोळा_वर्षं_क्यूसी:
सगळ्या प्रतिक्रिया वाचून काढल्या आणि मग लिहायला घेतलंय, जरा कडक लिहीन.

पहिल्या पोस्टपासनं बघतेय, त्या पोराच्या डोक्याचं सगळ्यांना किती अप्रूप. फिक्श्चर कसं बनवलं, रिंग किती मायक्रॉन घासली. त्या पोरीबद्दल दोन ओळी. मी १६ वर्षं इन्स्पेक्शनला आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीत, पण मला ती पोरगी डोळ्यासमोर दिसतेय. तिनं गेज रिंगवर शून्याला लावलं असणार, शिकवलं तसं, रोज सकाळी, रजिस्टरला सही करून. तिनं सगळं बरोबर केलं आणि तरी ती चुकीची ठरली. तुम्हाला माहितीय का त्यानं काय होतं? माणसाचा स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास जातो. घरी जाऊन रात्री आठवत बसतो की मी कुठं चुकले.

आणि अन्याय काय फक्त त्या पोराला झाला? आमच्या बायकांना तेच काम करून कमी पगार, मशीन द्यायचं नाही, बढती तर विचारूच नका, बाई आहे लग्न करून जाईल. मला परमनंट करायला नऊ वर्षं लावली. माझं डोकंपण त्या पोरापेक्षा कमी नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला कुठली रिंग कुठं घासायची ते माहिती होतं. नाही घासली.

मी काय केलं ते सांगते. माझ्यावर एकदा असाच आळ आला होता, खोटा, तेव्हापासनं मी स्वतःची वेगळी वही ठेवली. रोजच्या रीडिंगसोबत गेज नंबर, रिंग नंबर, तापमान, कुणी हातात घेतलं. आणि आठवड्यातनं एकदा दुसऱ्या रिंगवर पण बघायचे, माझ्या मनानं, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा आळ आला तेव्हा वही टेबलावर ठेवली. प्लँट हेडला पंधरा मिनिटं लागली वाचायला. आता ती पद्धत अख्ख्या डिपार्टमेंटला लागू आहे, माझं नाव कुठंच नाही त्याच्यावर, पण असू दे.

काका, तुम्हाला एक विचारते. मॅनेजरनं स्वतःचं नाव लावलं म्हणालात. ते फिक्श्चरचं कायझेन शीट, म्हणजे सुधारणा कुणी सुचवली ते लिहायचा कागद, कुणी भरलं होतं? मॅनेजर स्वतः शीट भरत नसतात.

माणदेशी:
ताईंचा प्रश्न तसाच राहू दे, काका देतील उत्तर. तोवर मी माझ्या भागातलं एक सांगतो कारण इथं सगळे डोकं वाईटाकडं वळल्याचं बोलतायत, उलटं वळल्याचं पण आपल्याच जिल्ह्यात आहे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली, तेव्हा औंध संस्थान होतं, तिथं बिनभिंतीचा तुरुंग सुरू झाला, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थांच्या पुढाकारानं आणि औंधच्या राजांच्या पाठिंब्यानं. शिक्षा झालेली माणसं घरच्यांसोबत राहायची, शेती करायची. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरनंच निघाला. आणि किर्लोस्करवाडी १९१० ला माळरानावर उभी राहिली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे राखणदार नेमलं. ज्याला कुलूप कसं उघडतं ते माहिती, त्याच्याच हातात कुलूप दिलं.

त्याच्या उलट सरकारनं काय केलं. गडकिल्ल्यांची, गावाची राखण करणारी रामोशी माणसं १८१८ नंतर हक्काच्या कामातनं आणि वतनातनं गेली. उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. घाट, वाटा, रात्रीची पावलं ओळखणं, तीच विद्या जी राखणीला होती तीच बंडाला आली. मग १८७१ च्या कायद्यानं पुढं कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, १९५२ पर्यंत. म्हणजे आधी हक्क काढून घ्यायचा, मग माणूस डोकं चालवून जगला की म्हणायचं ह्यांच्या रक्तातच हाय. काकांनी विचारलं मुळातच तसा असतो का. ह्या प्रश्नानं आपल्या भागात पिढ्याच्या पिढ्या नासल्यात, म्हणून मला तो प्रश्नच आवडत नाही.

कुपवाड_वर्कशॉप:
माणदेशी, बरोबर बोललात. प्रश्न मागं घेतो.

ताई, शीट मी भरलं होतं.

मॅनेजर म्हणाला नाव माझं टाक, कंत्राटी पोराच्या नावानं शीट चालत नाही. चालत होतं, मला माहिती होतं. माझ्या पोरीचं लग्न ठरलेलं, मला ॲडव्हान्स पाहिजे होता, मी टाकलं. अक्षर माझं आहे. पोराला पण माहिती होतं कारण त्यानं बोर्डावर ते शीट वाचलं आणि माझं अक्षर सगळ्या शॉपला ओळखू येतं. तरी एसटी स्टँडवर पाया पडला. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायला पाहिजे होतं, हात वळला नाही.

कुंडलवाला:
काका, लिहिलंत हे मोठं आहे.

सोळा_वर्षं_क्यूसी:
लिहिलंत ते ठीक. तिला सांगितलंय का? पोरीला? तिला अजून वाटत असेल चूक तिची होती.

कुपवाड_वर्कशॉप:
नव्हतं सांगितलं. ह्या रविवारी गेलो होतो. बुधगावला राहते, लग्न झालंय, एक मुलगी आहे. आता मार्केट यार्डजवळ हळद पॉलिश करायच्या ठिकाणी वजनाला बसते. मला बघून पहिल्यांदा दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रिंगचं, लॅबचं, शीटचं. तिनं मध्ये एकदा पण थांबवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, माझं रीडिंग बरोबर होतं म्हणजे. मी म्हणालो प्रत्येक. मग आतनं खुर्ची आणली.

रडली नाही, शिव्या पण दिल्या नाहीत. त्या पोराबद्दल एवढंच विचारलं की तो आता बरा आहे का. मॅनेजरबद्दल काहीच नाही. निघताना म्हणाली काका, लॅबचा तो कागद मिळेल का, मला कुपवाडलाच दुसऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला अर्ज टाकायचाय, तिथं आधीच्या ठिकाणाहून का काढलं ते विचारतात.

माझ्याकडं जुन्या फाइलीत कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची एक प्रत होती, रिटायर होताना घरी आलेल्या कागदांत. सोमवारी झेरॉक्स काढली. सोबत साध्या कागदावर लिहून दिलं की त्या काळातली सगळी रीडिंग मास्टर रिंग २२ मायक्रॉन मोठी असल्यामुळं चुकीची आली, इन्स्पेक्टरची चूक नव्हती, आणि हे मला त्यावेळचा सुपरवायझर म्हणून माहीत आहे. खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. गुरुवारी तिची मुलाखत आहे.